नकाराची चौथी ओळ

सुहानाचं डोकं तापलं की तिचे हात लई भरभर चालायचे. दुसऱ्यांचे हात रागानं थरथरतात, हिचे पळायचे. तिचे अब्बा बाबालाल लक्ष्मीपुरीत ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान चालवायचे. ते तर गिऱ्हाइकाला उघड सांगायचे, "पोरगीला वाईच डिवचा आन् काम करून घ्या. दहा मिनटात मशीन हातात." सगळी हसायची. सुहाना बी हसायची. ही खोड एक दिवस अंगलट येणार, हे कुणाच्या ध्यानात आलं न्हवतं.

वय एकोणीस. शाळा दहावीत सोडलेली. सोडली कसली, मास्तरांच्या टेबलावर वही आपटून जी भाईर पडली ती परत गेलीच न्हाय. कॉम्प्युटर मात्र जणू पोटातनं शिकून आलती. आन् नजर आसली तिखट, की स्क्रीनवर पन्नास ओळी पळाल्या तरी त्यातली वाकडी ओळ तिला बरोबर दिसायची.

म्हणून तर शाहूपुरीतल्या बायकांच्या सल्ला केंद्राचं काम तिच्याकडं आलतं. मार खाणाऱ्या, नवऱ्यानं टाकलेल्या, सासरच्यांनी पोरं काढून घेतलेल्या बायका तिथं यायच्या. आतल्या खोलीत संयोगिता वकीलबाई त्यांचं म्हणणं ऐकून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायच्या. त्या खोलीचं दार जाड, आवाज फुटू नये म्हणून आतनं गादी मारलेलं. आन् नियम आसा, की त्या खोलीत गडीमाणसानं पाय ठेवायचा न्हाय. वायर तुटली तरी जोडायला बाईच पायजे.

भाईर हॉल, आन् हॉलात आक्का. साठी उलटलेली, कागलच्या खालच्या अंगाच्या खेड्यातली. तिचं खरं नाव काय, ते पगाराच्या कागदावर आसंल तेवढंच. सोळा वर्षं एकच खुर्ची. टोकन पुकारायचं, नवऱ्याकडच्यांना ह्या बाकावर आन् बायकोकडच्यांना त्या बाकावर बसवायचं, आन् कुणी आवाज चढवला की नुसतं चष्म्यावरनं बघायचं. भलेभले गप बसायचे.

तर त्या सोमवारी आतल्या खोलीत नवा माईक आलता, आन् तो काय केल्या चालंना.

माईक चांगला हुता. नडत हुती पॉलिसी. ही भानगड सुहानाला उदयसिंह सरांनी शिकवलीती. सर पुण्याला जायच्या आधी केंद्राची मशीनं त्यांनीच भाईर हॉलात बसून तयार करून दिलीती. लिनक्सच्या मशीनमधी आवाज सांभाळणारी एक सर्व्हिस आसती. माईककडनं आवाज घेणार, हेडफोनात सोडणार, सगळीकडं तिची ये-जा. सरांनी तिला पॉलिसीच्या दावणीला बांधलीती. ह्या माईककडनं घ्यायचं, ह्या हेडफोनात सोडायचं, ठरल्या फोल्डरात ठेवायचं, बास. दुसऱ्या कशाला तोंड लावायचं न्हाय. आन् ह्यात मालकाचं बी चालत न्हाय. खुद्द वकीलबाईंनी पासवर्ड टाकून हुकूम सोडला तरी यादीत नसंल तर मशीन म्हणणार, न्हाय. आधी पॉलिसी बदल, मग बोल.

आन् मशीन जेवढ्यांदा न्हाय म्हणतं, तेवढ्यांदा ते लॉगमधी लिहून ठेवतं. कोण आलतं, काय मागत हुतं, कवा हाकललं. "सुहाना, नकार वाचायचा," सर म्हणायचे. "मशीन उगंच कुणाला अडवत नसतंय. एकेक ओळ वाचायची, पटंल तेवढीच सोडायची." कारण एक कमांड आशी बी हुती, जी लॉगमधले सगळे नकार उचलायची आन् एका दमात त्यांच्या परवानग्या करून टाकायची. घाईच्या माणसाला तोच रस्ता ग्वाड.

सुहानानं लॉग उघडला. चार नकार. तीन नव्या माईकचे. माईक नवा, त्याचं नाव यादीत न्हवतं, म्हणून मशीननं अडवलं. सरळ गोष्ट.

चौथी ओळ वेगळी हुती. आवाजाची सर्व्हिस वायफायवरनं हॉलातल्या स्पीकरकडं जायला बघत हुती. आक्काचा घसा बसायला लागला म्हणून गणपतीत हॉलात टोकनचा वायफाय स्पीकर बसवलाता. ह्या सर्व्हिसची जातच आशी, की नवा स्पीकर दिसला की जाऊन दार वाजवणार. पॉलिसी तिला रोज हाकलत हुती.

सुहानाला ती ओळ दिसली. दिसली म्हंजे चांगली दिसली. तिनं बोट बी ठेवलं स्क्रीनवर.

तेवढ्यात आक्कानं दारातनं मुंडी घातली.

"का गं, जमंना व्हय? भाईर सात बायका बसल्यात. उदयसिंहला फोन लावू का? तो पुण्यातनं फोनवरच पाच मिनटात सांगंल बघ."

"मी करतो की!"

"अगं कर की मग. मी काय हात धरलाय? दीड तास झाला, नुसती खिटखिट ऐकतोय."

"आक्का, तुमी टोकन पुकारा. ह्यात तुमाला काय कळतंय?"

"मला न्हाय कळत, खरं हाय. पर तुला तरी कळतंय का, तेवढंच इचारायला आलो."

झालं. कानापासनं मानंपर्यंत सुहाना लाल झाली आन् तिचे हात पळाले. तीन ओळी वेगळ्या काढायला दहा मिनटं लागली आसती. तिनं चारीच्या चारी उचलल्या, ती एका दमाची कमांड मारली आन् परवानग्या करून टाकल्या. माईक चालू झाला. हेडफोनात खणखणीत आवाज. चौथीचं काय? उद्या येऊन काढू. हेडफोन लावलेला आसताना सर्व्हिस कशाला मरायला हॉलाकडं जाती?

"झालं बघा!" आसं मोठ्यांदा म्हणून, आक्काकडं ढुंकून न बघता ती जिना उतरली. दुसऱ्या दिवशी दुकानात तीन मशीनं आली आन् ती ओळ डोक्यातनं गेली. गेली म्हंजे, एकदा आठवलीती. बुधवारी, भाकरी मोडताना. तवा ती स्वतःलाच म्हणली, काय हुतंय?

पुढच्या सोमवारी सकाळी वकीलबाईंचा फोन आला. हेडफोन एका कानानं बंद पडलाय, येऊन जा.

सुहाना पोचली तर हॉलात आक्का न्हाय. खुर्ची हाय, खुर्चीवरची उशी हाय, आक्का न्हाय. आतनं वकीलबाई स्वतः भाईर आल्या. डोळ्याखाली काळं. रात्र रात्र झोप नसल्यागत.

"आक्का रजेवर हायत?"

"आक्का आता येणार नाहीत."

"का वं?"

संयोगिताबाईंना कुणाला तरी सांगायचंच हुतं बहुतेक. त्या आक्काच्याच खुर्चीत बसल्या आन् सगळं बोलल्या.

हुपरीची मोना म्हणून एक बाई. सासरी घरातच पैंजणाचं काम. चांदीच्या जोडांना जाळावर डाग देऊन देऊन बोटांची टोकं करपलेली. नवरा विजयसिंह हात उचलायचा. दोन महिन्यांमागं ती चार वर्षांच्या पोरीला, शिवन्याला घेऊन निघाली. नवरा म्हणत हुता, पोरगी माझ्याकडं दे, नायतर तू परत ये. मागच्या गुरुवारी दोन्ही बाजूंना बोलावलं हुतं. मोना आत, नवरा आन् सासू तानाबाई हॉलात.

"पोरगी कुठं ठेवलीय ते तिनं आजपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "मलासुद्धा. गुरुवारी तासभर बोलल्यावर, रडल्यावर सांगितलं. राधानगरीला मावशीकडं, डेअरीच्या मागं, हिरव्या दाराचं घर. आणि शुक्रवारी सकाळी सातला विजयसिंह नेमका त्या हिरव्या दारात उभा. पोरीला उचललं, गाडीत घातलं, हुपरी."

"पोलीस?"

"पोलीस म्हणतात, बापानंच नेलीय, त्यात गुन्हा कसला? आणि त्याचा निरोप आलाय, पोरगी बघायची असेल तर नांदायला ये."

"मग आक्कांनी काय केलं?"

"त्या वेळी आक्का पाणी घेऊन आत आली होती. तिनंच ऐकलं असणार. तिची बहीण दिलीय हुपरीत. आणि पाणी देऊन झाल्यावर ही बाई खाली जाऊन त्या तानाबाईसाठी चहा घेऊन आली! विचारलं तर म्हणते, पावणी माणसं, घसा कोरडा पडलाय म्हणाली म्हणून आणला. सोळा वर्षांत कधी कुणाला पाजला होता का चहा?" बाईंचा आवाज चिरला. "आज चार वाजता मोना येतीय, अर्ज मागं घ्यायला. म्हणतीय, तुमच्यातल्याच बाईनं मला विकलं, आता मी जाते परत. तुझं काम कर तू."

आन् त्या फोनवर बोलत गच्चीकडं गेल्या.

सुहाना आत जाऊन बसली. दार उघडंच हुतं. हेडफोनची वायर बघितली, पिनेजवळ पिरगळलेली, खुर्चीचं चाक वरनं गेलेलं दिसत हुतं. तिनं पिन उपसली. सवयीनं माईकवर टिचकी मारली आन् म्हणली, "हॅलो, चेक."

"हॅलो, चेक," हॉल म्हणला.

 परत म्हणून बघायची गरज न्हवती, तरी ती हळूच म्हणली, "आक्का." आन् रिकाम्या हॉलात, आक्काच्या खुर्चीच्या वर भिंतीला लावलेल्या स्पीकरमधनं तिच्याच आवाजात आलं, "आक्का."

पिन खुपसली, हॉल गप. उपसली, हॉल बोलला.

आता तिला सगळं हुबेहूब दिसलं. पिन निघाली की सर्व्हिस दुसरा स्पीकर शोधती. एरवी तिला हॉलाची वाट बंद हुती, म्हणून ती गप बसली आसती. पण ती वाट सुहानानंच मोकळी करून दिलीती. तिनं लॉग काढला. गुरुवार, अकरा बेचाळीसला हेडफोन सुटला, आवाज हॉलात. अकरा सत्तेचाळीसला हेडफोन परत. पाच मिनटं.

रेकॉर्डिंग ऐकायची तिला परवानगी न्हवती. तिनं हेडफोन लावला आन् अकरा बेचाळीसपाशी ऐकलं. आधी वकीलबाईंचा आवाज, "आक्का, दार लावून घ्या हं." मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मोनाच्या शेजारी जाऊन बसल्या आसणार, तवाच वायर ओढली गेली. मग बराच वेळ नुसतं रडणं. लहान पोरीगत, हुंदक्यात हुंदका अडकत. मग, "मावशीकडं ठेवलीय... राधानगरीला..." सुहानानं हेडफोन काढून टेबलावर टाकला.

म्हंजे आक्का पाणी ठेवून गेल्यावर हे बोलणं झालं. आक्का तवा चहाची किटली घेऊन खाली. हॉलात दोघंच, तानाबाई आन् विजयसिंह, वर तोंड करून स्पीकर ऐकत बसलेली. आन् आत गादीचं दार लावून वकीलबाई निर्धास्त.

सुहानाचे हात परत पळाले. दोन मिनटात तिनं चौथी परवानगी काढून टाकली. पिन उपसून बघितली. हॉल मुका. लॉगमधी नवा नकार पडला, हॉलातल्या स्पीकरला मनाई. जसं पहिल्यापासनं हुतं तसं. आता लॉगमधल्या गुरुवारच्या त्या दोन ओळी तेवढ्या पुसल्या, की जगात कुणाला म्हणून कळणार न्हाय. हे वाचणारी ह्या इमारतीत ती एकटीच. बोट बटणावर हुतं.

"झालं का गं?" वकीलबाई दारात.

"झालं."

"काय झालं होतं?"

"वायर. पिनेजवळ तुटलीती. नवी आणून देतो."

एवढंच. खोटं एक अक्षर न्हवतं त्यात, आन् खरं बी एक न्हवतं. ओळी पुसल्या न्हाईत, तेवढं धाडस झालं न्हाय. ती तशीच जिना उतरली.

दुकानात जायचं सोडून सुहाना दुपारपर्यंत गावात नुसती गाडी फिरवत राहिली, आन् शेवटी गाडी टाकाळ्याकडं वळली. आक्काचं घर तिला ठाव हुतं, एकदा टीव्ही जोडायला गेलती. मनात आसं, की आक्का चिडलेली आसंल, वकीलबाईला शिव्या घालत आसंल, मला बी दोन घालंल, म्हंजे वाईच बरं वाटंल. चिडलेल्या माणसासमोर सुहानाला बोलायला येतं.

आक्का चिडलेली न्हवती. उंबऱ्यात पाय पसरून शेंगा फोडत बसलीती.

"ये गं पोरी. दुकान सोडून इकडं कुठं?"

"आसंच. आक्का, ते केंद्रातलं कळलं मला. तुमी कशाला गप बसलाय? सांगा की, मी बोललो न्हाय म्हणून!"

आक्कानं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल तसंच हातात धरून बसली.

"सांगितलो हुतो. दोनदा सांगितलो. मग बाई म्हणल्या, आक्का, नीट आठवा, चहा देताना काय बोललासा? तवापासनं आठवतोय बघ. ती म्हातारी इचारत हुती, नात कशी हाय, जेवती का. आन् मी काय म्हणलो, ते मला आठवंना."

"काय न्हाय म्हणला तुमी!"

"तुला काय ठाव? तू हुतीस तिथं?" आक्का हसायला गेली, पर जमलं न्हाय. "वय झालं सुहाना. परवा गॅसवर दूध ठेवलो आन् देवळात गेलो. तसंच तोंडातनं गेलं आसंल. पोरगी तिच्या आईच्या हातनं गेली, माझ्या तोंडामुळं. काल रातीपासनं मला आसं वाटाय लागलंय, की राधानगरी ह्यो शब्द मी बोललो हुतो. माझ्याच आवाजात ऐकू येतोय."

 आक्कानं तर ऐकलंच न्हवतं, तरी तिला ऐकू यायला लागलंतं. अजून चार दिवस गेले आसते तर आक्कानं पोलिसांत जाऊन सांगितलं आसतं, व्हय, मीच. आन् सगळ्यांनी मान हलवली आसती.

"किती वाजले?" सुहाना एकदम उठली.

"साडेतीन आसतील. अगं बस की, शेंगा घे मूठभर..."

सुहाना गाडीवर हुती.

आतल्या खोलीत मोना टेबलाच्या कडंला बसलीती. अर्ज लिहून झालता. वकीलबाई हात जोडल्यागत दोन्ही तळवे टेबलावर ठेवून म्हणत हुत्या, "एक आठवडा थांब. फक्त एक."

"बाई, एक आठवडा? त्या घरात पोरगी एक रात माझ्याबिगर झोपलेली न्हाय. तुमी मला काय सांगताय? मी तुमाला एक गोष्ट सांगितलो, एकच, आन् ती..."

"आक्का बोलल्या न्हाईत!" सुहाना दारातनंच ओरडली.

दोघी दचकल्या. "सुहाना, तू बाहेर थांब," वकीलबाई म्हणाल्या.

"न्हाय थांबत. आक्का तवा खाली हुत्या. तुमचं बोलणं हॉलातल्या स्पीकरवर गेलं. पाच मिनटं. नवऱ्यानं आन् सासूनं बसल्या जागी ऐकलं."

"काहीतरी काय बोलतेस? हेडफोनमधला आवाज तिकडं कसा जाईल?"

"तुमी उठून ह्यांच्याजवळ बसला तवा पिन ओढली गेली. चाक गेलंय वायरवरनं, बघा की! पिन निघाली, म्हणून..." आन् बोलता बोलताच तिला कळलं, की आपण वकीलबाईच्या गळ्यात बांधाय लागलोय. जीभ आपोआप तिकडंच पळत हुती. तिनं श्वास घेतला. "पिन निघून काय बी झालं नसतं. पॉलिसीनं ती वाट बंद केलीती. मी उघडली. माईक बसवला त्या दिवशी. आज सकाळी मला कळलं, आन् मी गुपचूप बंद करून गेलो."

तिनं स्क्रीनवर लॉग काढला. वकीलबाई वाकून बघायला लागल्या. अकरा बेचाळीस. अकरा सत्तेचाळीस. त्यांनी आपली डायरी काढली, वेळ ताडून बघितली आन् मटकन खाली बसल्या.

"सकाळी तू मला झालं म्हणालीस."

"व्हय."

"सकाळी! सकाळी सांगितलं असतंस तर मी आतापर्यंत... आणि आक्का..."  त्यांचा हात उठलाता, मारायलाच उठलाता बहुतेक, तो त्यांनी स्वतःच्याच कपाळावर ठेवला.

 मोना स्क्रीनकडं बघत न्हवती, सुहानाकडं बघत हुती.

"माझं रडणं बी ऐकू गेलं?" तिनं इचारलं.

सुहानाला वाटलंतं, ती पोरीचं इचारंल, नवऱ्याचं इचारंल. ती स्क्रीनकडं वळली.

"सांग की. आठ वर्षं त्या घरात मी तोंडात पदर कोंबून रडलो. त्यानं माझा आवाज ऐकू नये म्हणून. तेवढी एकच गोष्ट मी त्याला दिली न्हवती."

"गेलं," सुहाना म्हणली. "सगळं गेलं."

मोनानं मान खाली घातली. करपलेल्या बोटानं ती अर्जाची कड घासत राहिली. मग तिनं अर्जाची घडी केली, फाडला न्हाय, पिशवीत टाकला.

"म्हंजे मला कुणी इकलं न्हवतं," ती वकीलबाईंना म्हणली. स्वतःलाच समजावल्यागत. "मग मी थांबतो. पुढं काय करायचं ते बोला."

पुढचं लई भरभर झालं. वकीलबाईंनी उद्या साडेदहालाच कोर्टात पोरीच्या ताब्याचा अर्ज टाकायचं ठरवलं, आन् विजयसिंहानं हजर राहावं म्हणून त्याच्या वकिलाला निरोप धाडला. आईनं विश्वासानं सांगितलेलं चोरून ऐकून पोरगी उचलली, हे कोर्टाला दाखवायचं तर लॉग पायजे आन् लॉग समजावणाऱ्याचा लेखी जबाब पायजे. त्याआधी त्यांनी आक्काला फोन लावला. स्पीकरवर न्हाय, कानाला. "आक्का, माझी चूक झाली," एवढं त्या म्हणाल्या आन् मग सगळं सांगितलं.  मग आक्काचा आवाज एवढा मोठा आला की खोलीत तिघींना ऐकू गेला.

"म्हंजे मी बोललो न्हवतो न्हवं? बाई, नक्की न्हवं? अगं बया, म्हंजे माझं डोकं जाग्यावर हाय!" आन् आक्का हसायला लागली. किती तरी वेळ हसत हुती, मधीच रडत हुती, परत हसत हुती. सुहानाला वाटलं, तिनं शिव्या घालाव्यात. माझं नाव घेऊन दोन तरी. तिनं नावच काढलं न्हाय.

वकीलबाईंनी फोन ठेवला, कोरा कागद सुहानाच्या म्होरं सरकवला आन् सांगायला लागल्या. "लिही. केंद्रातल्या संगणकात तांत्रिक बिघाड झाल्यामुळे..."

सुहानानं पेन टेकवलं. थांबली.

"बिघाड न्हाय झाला."

"अगं, लिहायची पद्धत असते तशी."

"पण मशीन बरोबर हुतं बाई. मशीन न्हाय म्हणत हुतं. दहादा म्हणत हुतं."

वकीलबाई थकलेल्या. "मग तुझ्या शब्दांत लिही."

सुहानाचं अक्षर दहावीत जिथं थांबलं तिथंच हुतं, वाकडं, ओळीच्या खाली घसरणारं. तिनं लिहिलं, की माईक बसवताना मशीननं चार नकार दाखवले. मी ते न वाचता चारीला परवानगी दिली. त्यामुळं आतलं बोलणं हॉलात गेलं. खाली सही केली, सुहाना बाबालाल बागवान.

मोनानं कागद ओढून घेतला आन् एकेक शब्द बोटानं धरून वाचला. "न वाचता," ती थांबली. "तुला वाचायला येत न्हाय?"

"येतंय."

"चार ओळी वाचायला किती वेळ लागतोय?"

हॉलात कोण तरी बाई येऊन बसलीती, तिच्या बांगड्या वाजत हुत्या. आक्का नसल्यामुळं तिला टोकन द्यायला कुणी न्हवतं.

"वाचलीती," सुहाना म्हणली. "चौथी. बोट ठेवलं हुतं तिच्यावर. राग आलता, घाई केली. नंतर एकदा आठवली बी हुती. बुधवारी. तुमी आला त्याच्या आदल्या दिवशी."

वकीलबाईंनी डोळे मिटले. मोनाच्या चेहऱ्यावर काय बी हाललं न्हाय. तिनं कागद परत सरकवला.

"ते लिही."

"ते लिहिलं तर तिच्यावर केस होऊ शकते, मोना," वकीलबाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्याचा वकील तिला फाडून खाईल."

"मला कुणी इचारलं हुतं का, बोललीस तर काय हुईल म्हणून?"

सुहानानं 'न वाचता' वर रेघ मारली. पहिल्यांदाच तिचे हात सावकाश चालत हुते. राग शोधून बी सापडत न्हवता, ना आक्कावर, ना कुणावर. तिनं वर लिहिलं, चौथी ओळ मी वाचली होती. बुधवार बी लिहिला. कागद मोनाकडं धरला, तर मोनानं तो तिच्या हातातनं घेतला न्हाय. टेबलाकडं बोट केलं. सुहानानं कागद टेबलावर ठेवला, मग मोनानं उचलला.

"उद्या साडेदहाला कसबा बावड्याला, कोर्टात," मोना म्हणली. "तो समोर आसंल. त्याच्या तोंडावर वाचायचं हे. मोठ्यांदा."

"येतो," सुहाना म्हणली.

मोना पिशवी घेऊन उठली आन् तिच्याकडं न बघता हॉलात गेली. हॉलातली बाई अजून बांगड्या मागं-पुढं करत बसलीती. वकीलबाई लॉगची प्रिंट काढत हुत्या. सुहाना भाईर आली, आक्काच्या टेबलावरचं टोकनचं पुडकं उचललं, वरचा कागद फाडला आन् त्या बाईला दिला.

"बसा मावशी. बाई बोलवतील."

"पोरी," ती बाई दबक्या आवाजात म्हणली, "आत बोललेलं आतच राहतंय न्हवं?"

सुहाना तिच्या म्होरं उभी राहिली. तिला एक 'व्हय' म्हणायचं हुतं. आधी तिनं वर हात घालून स्पीकरची वायर भिंतीतनं उपसली.